मे महिन्यात दुपारी तुटणारी वायरलेस लिंक: रेडिओ बदलण्याआधी हे तपासा

हिंगणघाट, वरोरा, वणी या पट्ट्यात जिनिंगच्या पत्र्यांवर, शाळांच्या गच्चीवर, पेट्रोल पंपाच्या खांबांवर लावलेले वायरलेस रेडिओ, म्हणजे तार न ओढता एका जागेवरून दुसऱ्या जागी इंटरनेट पोहोचवणारी उपकरणं, सांभाळणं हे माझं रोजचं काम. अशा दोन रेडिओंमधली जोडणी म्हणजे लिंक. एप्रिल निम्मा सरला की फोनवर एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, बारा वाजले की नेट जाते अन् ऊन उतरलं की आपोआप येते." नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत शिरला, की असे फोन दिवसाला पाच-सहा होतात. अकरा उन्हाळे हेच काम केल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. अशा तक्रारीत खांबावरचा रेडिओ खराब निघणं फार क्वचित घडतं. दोष बहुतेक वेळा खालच्या पेटीतल्या ॲडाप्टरमध्ये (तो नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देतो), केबलमध्ये किंवा जॅकमध्ये असतो. तरीही लोक सगळ्यात आधी रेडिओच बदलतात. नवा रेडिओ दोन दिवस चालतो, कारण त्या दोन दिवसांत आभाळ आलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ.

आधी लक्षणं नीट ओळखा

उष्णतेचा बिघाड घड्याळ लावल्यासारखा येतो. साधारण साडेअकरा-बाराला सुरू, दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात वाईट, सहानंतर सगळं सुरळीत. ढगाळ दिवशी त्रास नाही. कधी रेडिओचे दिवे पूर्ण विझून पुन्हा लागतात. कधी दिवे चालू असतात, पण लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल जोडायची जागा, दर मिनिटाला तुटतो-जुळतो, किंवा १०० एमबीपीएसवरून १० वर उतरून बसतो. कधी काहीच तुटत नाही, फक्त सिग्नल सकाळपेक्षा तीन-चार डीबीने (डेसिबल, सिग्नल मोजायचं एकक) पडलेला असतो आणि वेग निम्मा झालेला असतो. आणखी एक प्रकार म्हणजे उन्हाळाभर ठणठणीत चाललेली लिंक वळवाचा पहिला पाऊस पडला त्याच रात्री मरते. तो बिघाडही उष्णतेचाच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तुमची लिंक पहाटे चार ते सात या वेळेत ढासळत असेल आणि ऊन चढल्यावर सुधारत असेल, तर मात्र हे लिखाण तुमच्या कामाचं नाही. लांब पल्ल्याच्या लिंकवर रात्रभरात जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवेचे थर बसतात, त्यात लहरी वाकतात. तिथे ॲडाप्टर बदलून काही होणार नाही.

पहिली तपासणी: किती वेळ चालू आहे ते वाचा

याला पैसा लागत नाही आणि छतावर चढावंही लागत नाही. दुपारी लिंक तुटून पुन्हा आली की लगेच ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रेडिओच्या सेटिंगच्या पानावर जाऊन तो किती वेळापासून चालू आहे ते पाहा. अर्धा तपास इथेच संपतो.

आकडा तीन-चार मिनिटं दाखवत असेल, तर रेडिओ बंद होऊन परत सुरू झालाय. म्हणजे वीज पोहोचली नाही. ॲडाप्टर, केबल किंवा घरातली लाईन यांपैकी काहीतरी. आकडा अठरा दिवस दाखवत असेल आणि तरी नेट गेलं असेल, तर वीज ठीक आहे. लॅन पोर्ट तुटलाय की हवेतली लिंक, ते नोंदींत बघा. हवेतली लिंक तुटत असेल तर दोन्ही टोकांचा आकडा बघायला विसरू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आम्ही आठवडाभर त्याचंच छत तपासत होतो आणि बंद पडत होता तो समोरच्या गावातला रेडिओ.

नोंदी वाचताना एक अडचण येते. रेडिओला इंटरनेटवरून वेळ घ्यायला सांगितलं नसेल, तर दर वेळी चालू झाला की बरेच रेडिओ १ जानेवारी १९७० किंवा कारखान्यातली तारीख धरून बसतात. मग कोणती नोंद दुपारची आणि कोणती रात्रीची, काहीच कळत नाही. म्हणून वेळेचा सर्व्हर आधी भरा आणि मग दोन दिवस थांबा. घाई करू नका, ही दोन दिवसांची नोंद पुढचं सगळं काम सोपं करते.

दुसरी: ॲडाप्टर कुठे ठेवलाय

माझ्या हाताखालून गेलेल्या दुपारच्या बिघाडांपैकी निम्म्याहून जास्त इथेच सुटले, म्हणून इथे जरा थांबतो.

बाहेर लावायच्या बहुतेक रेडिओंवर चालण्याची मर्यादा ६०-७० अंशांपर्यंत छापलेली असते. ज्या ॲडाप्टरवर तो चालतो त्याच्या लेबलवर मात्र ४० अंश लिहिलेलं असतं, कारण तो घरात भिंतीवर लावायला बनवलाय. आपण काय करतो? केबल कमी लागावी म्हणून तोच ॲडाप्टर लोखंडी पेटीत घालून छतावर, खांबाच्या बुडाशी बसवतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. हवामान खातं तापमापी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवतं. तुमची पेटी तर उन्हात तापलेल्या टिनावर बसली आहे, आत हवा खेळत नाही, आणि ॲडाप्टर स्वतःची उष्णता आतच सोडतोय.

काही वर्षांपूर्वी मेमध्ये एका जिनिंगच्या छतावर दुपारी अडीच वाजता पेटी उघडली. करडा रंग, काचेचं दार, पश्चिमेला तोंड. आतल्या ॲडाप्टरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून इन्फ्रारेड तापमापी धरली, तर ७१ अंश. हात लावला तर बोट टिकेना. ॲडाप्टरचं प्लॅस्टिक पिवळं पडून एका कोपऱ्यात वाकलं होतं. आउटपुट मोजलं, २४ ऐवजी १९ व्होल्ट. तोच ॲडाप्टर खाली आणून गार खोलीत तासभर ठेवला आणि मोजला, तर २३.६. म्हणूनच दुकानात टेबलावर तपासलेला ॲडाप्टर नेहमी 'चांगला' निघतो. तो गरम असतानाच तपासायला हवा.

(तो टेपचा तुकडा का, तर चकचकीत धातूवर इन्फ्रारेड तापमापी कमी आकडा दाखवते. मळकट काळ्या टेपवर बरोबर दाखवते.)

असं होतं याचं कारण ॲडाप्टरमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यांच्या आत द्रव असतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. ४० अंशांत दहा वर्षं टिकेल असा भाग ७० अंशांत सव्वा वर्षावर येतो. आपण उन्हाळ्याचे तीन महिनेच धरले तरी पाचेक उन्हाळ्यांत तो सुकतो. सुकलेला कपॅसिटर गार असताना कसंबसं काम निभावतो, दुपारी हात टेकतो.

चाचणी फुकटात होते. ॲडाप्टर पेटीतून काढा, खालच्या मजल्यावर सावलीच्या खोलीत लावा, आणि केबल तिथपर्यंत आणा. रेडिओपासून पूर्ण केबल १०० मीटरच्या आत राहील एवढंच पाहा. दोन दुपारी निघाल्या आणि लिंक तुटली नाही, तर दोष सापडला. ॲडाप्टर नवा घ्या आणि त्याची जागा खोलीतच ठेवा. नवा आणून पुन्हा त्याच पेटीत कोंडाल, तर येत्या एप्रिलमध्ये आपण पुन्हा भेटू.

पेटी छतावर ठेवण्यावाचून इलाजच नसेल, तर ती उत्तरेच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत लावा. पांढरा रंग द्या. वर दोन-तीन इंच मोकळी जागा सोडून दुसरा पत्रा बसवा. ऊन त्या पत्र्यावर पडतं आणि मधल्या फटीतून वारा उष्णता नेतो. खालच्या आणि वरच्या बाजूला जाळीची भोकं ठेवा. जाळी बारीकच हवी, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात आणि पाली आत शिरून स्विचच्या पोर्टवर मरून पडतात. जिनिंगमध्ये पंखा लावू नका. कापसाचं फुलकं आठवड्यात पंखा गच्च भरून टाकतं आणि मग आग लागायची भीती.

तिसरी: दुपारचा व्होल्टेज

कितीतरी वेळा ऊन निर्दोष असतं आणि कूलर दोषी. ज्या वेळी सगळ्यात जास्त ऊन, त्याच वेळी सगळ्या गावाचे कूलर, एसी आणि शेतातले पंप एकदम चालू. ट्रान्सफॉर्मरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात मी २३० च्या जागी १६८ व्होल्ट पाहिले आहेत. ॲडाप्टर लेबलप्रमाणे १०० व्होल्टपर्यंत चालतो खरा, पण व्होल्टेज पडला की तो तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. आधीच ६५ अंशांत बसलेल्या ॲडाप्टरला तेवढं पुरतं.

प्लगात लावायचा साधा व्होल्टमीटर घ्या आणि दुपारी दर तासाला आकडा वहीत लिहा. ज्या वेळी लिंक तुटते त्या वेळी आकडा पडतो का? मग संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालूच असताना पण ऊन उतरल्यावर पुन्हा बघा. तेव्हाही व्होल्टेज पडलेलाच आहे आणि लिंक चालू आहे, तर व्होल्टेज एकटा दोषी नाही. दिवे मंद-प्रखर होत असतील, किंवा एका खोलीत व्होल्टेज कमी आणि दुसऱ्या खोलीत एकदम २६०-२७० असेल, तर न्यूट्रल सैल आहे. तिथे हात घालू नका. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. घरातली सगळी उपकरणं जाळणारा दोष आहे तो.

चौथी: जॅक आणि शेवटचा वीतभर तुकडा

जॅकमधल्या पट्ट्या आणि केबलची तार दिवसभर तापून फुगतात, रात्री आकसतात. क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर जॅक दाबून बसवलेला जोड, किंचित सैल असेल तर दोनशे दिवसांनी ते सैलच होत जातं. लॅन पोर्ट १० एमबीपीएसवर उतरणं किंवा तुटत-जुळत राहणं हे याचंच लक्षण. रेडिओच्या बाजूचा जॅक काढून बघा: पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर पाणी शिरलंय, काळा डाग असेल तर ठिणगी पडलीये. घासत बसू नका. वीतभर केबल कापून टाका, नवा जॅक लावा. जॅक काढण्याआधी ॲडाप्टर बंद करा. वीज चालू असताना जॅक ओढला तर ठिणगी पडून नव्या पट्ट्यांनाही डाग पडतो.

आता तो पहिल्या पावसाचा बिघाड. उन्हात रेडिओच्या आतली हवा तापून फुगते आणि फटीतून बाहेर जाते. मग संध्याकाळी वादळ येतं, दहा मिनिटांत पारा पंधरा अंश उतरतो, आतली हवा आकसते आणि रेडिओ श्वास घेतल्यासारखा बाहेरची हवा आत ओढतो. उन्हाने कडक होऊन चिरलेल्या रबरी ग्लँडमधून (केबल रेडिओत शिरते तिथलं बूच) हवेसोबत पाणीही आत जातं. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात ग्लँडचं रबर नखाने दाबून बघा. दबत नसेल तर बदला. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळेल. आणि रेडिओच्या खालच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं बारीक भोक सिलिकॉनने बुजवू नका. शिरलेलं पाणी बाहेर पडायला तीच एक वाट असते.

पाचवी: केबल

इथून खर्च सुरू होतो. घरातली करडी केबल उन्हात दोन वर्षांत चिरते. वाकवली की वेष्टनाला भेगा पडतात आणि बोटाला पांढरी भुकटी लागते. बाहेरच्या कामाला काळ्या पॉलिथिन वेष्टनाचीच केबल हवी.

त्याहून मोठा घोळ आतल्या तारेचा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, बाजारात तिला सीसीए म्हणतात. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ती हीच. चुंबकाला चिकटली तर आत चक्क लोखंड आहे. शुद्ध तांब्यापेक्षा सीसीएचा रोध दीडपटीहून जास्त असतो. शिवाय धातू तापला की रोध वाढतो, तांब्याचा दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास. २० अंशांवरून ६५ वर गेला की जवळपास १८ टक्के जास्त.

आकड्यांत सांगतो. २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई (नेटच्याच केबलमधून, समोरचं उपकरण न तपासता सोडलेली वीज), ७० मीटर केबल, ८ वॅट खाणारा रेडिओ. चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे २ व्होल्ट वाटेत जातात, तापल्यावर अडीचच्या जवळ. सीसीए असेल तर तापल्यावर पाचच्या आसपास. ॲडाप्टर गरम होऊन आधीच २१ देत असेल, तर वर १५-१६ पोहोचतात आणि रेडिओ बंद. सकाळी हेच सगळं चालतं, कारण तेव्हा ॲडाप्टरही २४ देतो आणि केबलही गार असते. एकेक दोष एकट्याने लिंक पाडत नाही, दुपारी ते एकत्र येतात.

मोजायचं असेल तर बऱ्याच रेडिओंच्या पानावरच आत येणारा व्होल्टेज दिसतो. नसेल तर मल्टिमीटर घ्या: पॅसिव्ह २४ व्होल्टमध्ये बहुधा ४-५ नंबरच्या तारा धन आणि ७-८ ऋण असतात, तरी आधी ॲडाप्टरचं लेबल वाचा. ४८ व्होल्टचा मानक पीओई स्विच असेल, तर मोकळ्या जॅकवर मीटर काहीच दाखवणार नाही. तो समोर योग्य उपकरण आहे याची खात्री पटल्यावरच वीज सोडतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले स्विच भंगारात गेलेले मी पाहिलेत.

सहावी: रेडिओची जागा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच रेडिओची जागा बदलायला वर चढा, आणि तेही सकाळी सातच्या आत. रेडिओ टिनापासून हातभर उंचीवर असेल तर पत्र्याची झळ थेट त्याच्या पोटाला लागते. पाइप वाढवून दीड-दोन मीटर वर न्या. पाठीमागे छोटा पांढरा पत्रा सावलीसाठी चालतो, पण मधे फट ठेवा आणि समोरच्या तोंडावर धातू येऊ देऊ नका. सिग्नल गरजेपेक्षा जास्त असेल, उदाहरणार्थ उणे ४५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जास्त), तर ट्रान्समिट पॉवर कमी करून तो उणे ५५ ते ६० च्या दरम्यान आणा. रेडिओतला प्रवर्धक, म्हणजे सिग्नल मोठा करणारा भाग, कमी तापतो आणि लिंकही स्थिर होते.

एका शेतकरी काकांनी मायेने रेडिओला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. माठाला गुंडाळतात तसं. रेडिओ गार झाला, लिंक मात्र गेली, कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. पाइपाने पाणीही मारू नका. तापलेल्या रेडिओवर पाणी पडलं की मघाशी सांगितलेला तोच श्वास तो पाण्यातून घेतो.

सिग्नल दिवसभर आणि रात्रीही पडलेला असेल, तर क्लॅम्प आणि ताणाच्या तारा बघा. वादळाने खांब दोन अंश फिरला तरी लांबची लिंक निम्मी होते. वानरांनी लोंबकळून फिरवलेले रेडिओही मी सरळ केलेत. पांढरे केबल टाय उन्हात एका वर्षात तुटतात, काळे उन्हासाठीचे घ्या.

रेडिओ बदलण्याची वेळ या सगळ्यानंतर येते. बदलतानाही आधी दोन टोकांचे रेडिओ तपासा, आणि नवा रेडिओ जुना तोच ॲडाप्टर, तीच केबल वापरून दोन कडक दुपारी चालवून बघा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ॲडाप्टर उघडून कपॅसिटर बदलायला बसू नका. आतला मुख्य कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो. पेटीला किंवा खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. अर्थिंगचा दोष आहे, वायरमनचं काम आहे.

पेटीत बॅटरी असेल आणि ती फुगली असेल, किंवा पेटी उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर स्विच खालीवर करू नका, दार उघडं टाकून बाजूला व्हा. उन्हात चार्जर तीच सेटिंग वापरून बॅटरीला जास्त चार्ज करत राहतो, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. बॅटरीवाला माणूस बोलवा.

खांब दोन मजली घरापेक्षा उंच असेल, किंवा विजेची तार खांबाच्या उंचीइतक्या अंतराच्या आत असेल, तर कंबरपट्टा आणि सवय असलेला माणूसच वर जाईल. सिमेंटच्या पत्र्यांवर कुणीच चालू नये, उन्हाने ते ठिसूळ होतात आणि पाय सरळ आत जातो. लांबवर गडगडाट ऐकू आला तरी खाली या.

आणि अकरा ते पाच छतावर जाऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो. माझ्या सोबतचा पोरगा दोन वर्षांपूर्वी एका गोदामाच्या टिनावर दुपारी दीडला चढला होता. त्याचा घाम थांबला, बोलणं तुटक झालं, आणि मला वाटलं थकलाय. अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाईन लागलं. तेव्हापासून आमच्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलंय: दुपारी फोन करा, काय दिसतं ते सांगा, मी खालून मोजून बघतो, वरचं काम उद्या उजाडताना.